नाकावरचे काळे ठिपके, आत्याबाईंचा लेप आणि खायचा सोडा

पत्र थोडक्यात असं: लिहिणारीचं वय 27, हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, लग्नाला दोन वर्षं झालेली. पतसंस्थेत काउंटरवर नोकरी, रोजचं येणं-जाणं स्कूटीवरून. नाकावर आणि हनुवटीवर काळे ठिपके आहेत, गालांवरची छिद्रं मोठी दिसतात. सासूबाई, म्हणजे त्यांच्या आत्याबाई, दर रविवारी हौसेने लेप लावून देतात: घरच्या शेतातली हळद, डाळीचं पीठ, लिंबू. गेल्या पावसाळ्यापासून मोबाइलवर बघून त्यात खायचा सोडाही पडायला लागला आहे. लेप वाळला की चोळून काढायचा. मग दोन दिवस चेहऱ्याची आग होते, नाकाची सालं निघतात आणि आठवडाभरात ठिपके पुन्हा जागच्या जागी. मध्यंतरी नवऱ्याने मेडिकलवरून एक ट्यूब आणून दिली. ती आठ दिवस लावल्यावर चेहरा एकदम उजळला, म्हणून भीती वाटून बंद केली. बहीण म्हणते, डॉक्टरकडे जा. दोन महिन्यांवर नणंदेचं लग्न आहे, आणि पुढे बाळाचाही विचार आहे. शेवटी त्या लिहितात: "छिद्रं कायमची बंद होतील असा घरचाच उपाय सांगा. घरचं असलं म्हणजे अपाय तर नाही ना होत? आणि आत्याबाईंना नाही म्हणणं मला जमणार नाही."

तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य आधी सांगते. आठ दिवसांत चेहरा उजळला म्हणून तुम्हाला भीती वाटली आणि तुम्ही ट्यूब बंद केलीत, ते. बहुतेक जणी नेमकं याच वेळी दुसरी ट्यूब मागवतात. ट्यूबचं पुढे बोलूच, पण आधी ठिपक्यांचं.

ते काळं दिसतं म्हणून आपल्याला ती घाण वाटते, आणि घाण म्हटली की हात आपोआप घासायला जातो. त्वचेतल्या प्रत्येक बारीक लवेच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. तिचं तेल आणि छिद्राच्या आतल्या भिंतीवरून सुटलेल्या मृत पेशी मिळून तोंडाशी बूच बसतं. तोंड उघडं राहिलं तर त्यातल्या रंगद्रव्याचा आणि तेलाचा हवेशी संबंध येऊन वरचा भाग काळा पडतो. तोंडावर कातडीचा पडदा असला तर तेच बूच पांढऱ्या पुळीसारखं दिसतं. म्हणजे स्कूटीवर उडालेल्या धुळीने हे ठिपके झालेले नाहीत, आणि चेहरा धुण्यात तुम्ही कुठे कमी पडलात असंही नाही. बूच आत बसलेलं, आपण घासतो वरून. करपलेल्या पातेल्याला घासणी लावतो तसा जोर नाकाला लावला, तर निघते ती वरची चांगली कातडी.

आता आरशासमोर एकदा नीट बघा. उजेड खिडकीचा हवा, आणि आरसा हातभर लांब. फोनचा कॅमेरा मोठा करून बघू नका, त्यात कुणाचाही चेहरा चाळणीसारखाच दिसतो. नाकावर एकसारखे, एकाच आकाराचे, करडे-पिवळसर, सपाट ठिपके ओळीने दिसतात का? दाबल्यावर बारीक दोऱ्यासारखं काही निघतं का? तसं असेल तर ते बहुधा ब्लॅकहेड्स नाहीतच. छिद्रातून तेल वर आणणाऱ्या त्या नेहमीच्या वाती आहेत. सगळ्यांच्या नाकावर असतात, तेलकट त्वचेवर जास्त दिसतात. काढल्या तरी महिन्याभरात पुन्हा भरतात, कारण ते त्वचेचं रोजचं काम आहे. खरे ब्लॅकहेड्स जास्त गडद असतात, विखुरलेले असतात, थोडे वर आलेले लागतात. पत्रावरून माझा अंदाज असा की तुमच्या नाकावरचं बरंचसं पहिल्या प्रकारचं आहे आणि हनुवटीवरचं दुसऱ्या. आठवड्यात ठिपके परत येतात म्हणून लेप कमी पडला असं तुम्ही धरून चाललात. पण जे यायचंच आहे ते येणार, त्यात लेपाचाही दोष नाही.

"छिद्रं कायमची बंद" या मागणीचंही तेच. ती बंद झाली तर तेल बाहेर येणार कुठून? छिद्राभोवती उघडझाप करणारा स्नायू नसतो. म्हणून वाफेने ती उघडतात आणि बर्फाने मिटतात हे पार्लरमध्ये कितीही ऐकलं तरी खरं नाही. वाफेने आतलं तेल मऊ होतं, बर्फाने थोडा वेळ कातडी ताणल्यासारखी वाटते, बस. छिद्रांचा आकार बराचसा आनुवंशिक असतो, काहीसा तेलाच्या प्रमाणावर, काहीसा वयावर. आतलं बूच विरघळलं की ती लहान दिसतात. एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुरेसं आहे.

आता लेपाकडे येऊ. आत्याबाईंच्या लेपाला तुम्ही परंपरेचा म्हणता, पण त्यात सोडा कधी आला ते तुम्हीच लिहिलंय: गेल्या पावसाळ्यात, मोबाइलवरून. त्यांच्या आईने चेहऱ्याला खायचा सोडा लावला नसणार. डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद ही मूळ गोष्ट. ती धुऊन टाकायची, वाळवून ओरबाडायची नाही. त्यामुळे सोडा नको म्हणताना तुम्ही घराण्याची रीत मोडत नाही आहात, एक व्हिडिओ नाकारता आहात.

सोडा नको का? आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 4.5 ते 5.5. या आम्लामुळे वरचा थर घट्ट राहतो आणि नको ते जिवाणू आटोक्यात राहतात. सोड्याचं पाणी अल्कधर्मी, पीएच 8 च्या वर. लिंबाचा रस 2 च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, त्यामुळे काहीतरी जोरदार काम चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकमेकांना मारतात, आणि रविवारी कोणाचं प्रमाण जास्त झालं त्यावर तुमच्या गालावर आम्ल उरतं की अल्क हे ठरतं. दोन दिवसांची आग म्हणजे लेप लागू पडल्याची खूण नव्हे. त्वचेचं कुंपण मोडल्याची ती तक्रार आहे.

लिंबाचं आणखी एक, आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे, कधी फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. मे महिन्यात 42 अंशांत स्कूटीवर जाणाऱ्या बाईने सकाळी लिंबू लावून निघणं म्हणजे डाग घरी बोलावणं. साखर-लिंबाने घासणं, टूथपेस्ट, कोळशाची पूड चिकटवायच्या पांढऱ्या गोंदात मिसळून केलेला 'पील मास्क', हे सगळंही याच पंगतीत बसवा. गोंद उपटताना जे निघालेलं दिसतं त्यात लव आणि कातडीच जास्त असते. बघायला समाधान वाटतं खरं.

म्हणजे घरचं सगळंच टाकायचं का? नाही. मुलतानी माती चालेल. साध्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून आठवड्यातून एकदा, फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवर. आठ-दहा मिनिटांत, तडे जायच्या आत, ओली असतानाच धुऊन टाका. ती वरचं तेल शोषते, दोन दिवस चेहरा कमी चकाकतो. बूच मात्र काढत नाही. डाळीचं पीठ पातळ कालवून ओल्या चेहऱ्यावर बोटांनी हलकेच फिरवून धुतलं तरी हरकत नाही. हळद तुमच्या घरची आहे, त्यामुळे भेसळीची काळजी नाही, पण छिद्र मोकळं करणं हे तिचं काम नव्हे. चिमूटभर पुरे, नाहीतर सोमवारी काउंटरवर पिवळा चेहरा घेऊन बसावं लागेल. कोरफड लावायची तर पान कापून ते थोडा वेळ उभं ठेवा आणि कडेने गळणारा पिवळा चीक जाऊ द्या, त्या चिकाने खाज सुटते. दही कुणाला मानवतं, कुणाला झोंबतं. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघावं, हे घरच्या वस्तूलाही लागू. विंचवाचं विषही नैसर्गिकच असतं.

तेलाचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते, कारण लग्नघरात मालीश होणारच. खोबरेल केसांना उत्तम, पण चेहऱ्यावर ते पुष्कळांची छिद्रं बुजवतं. कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुरळ असेल तर डोक्याचं तेल आधी संशयित धरा. रात्री चापून तेल लावून त्याच उशीवर झोपणं बंद करून बघा. आत्याबाईंना चेहऱ्याला तेल लावायचंच असेल तर आपल्याकडचं करडईचं बरं. ते हलकं असतं, त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि छिद्रं बुजवण्याचा धोका खोबरेलापेक्षा कमी. जिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण काढले, तिथल्या बायका चेहऱ्यासाठी परदेशी तेलाच्या बारक्या बाटल्या मागवतात, याची मला गंमत वाटते.

ज्याचा लेपाइतका विचार कुणी करत नाही ते म्हणजे पाणी. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असणार. ओळख सोपी: साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं चढतात, केस धुतल्यावर चरबट लागतात. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो. तो बादलीवर बसतो तसा चेहऱ्यावरही थोडा राहतो. त्यात अंगाचा साबण मुळात अल्कधर्मी. मग चेहरा ओढल्यासारखा होतो, आपल्याला वाटतं अजून तेलकटच आहे, आणि आपण तिसऱ्यांदा साबण लावतो. चेहऱ्याला वडीऐवजी साबण नसलेला सौम्य फेसवॉश घ्या, त्याचा जड पाण्यात साका होत नाही. दिवसातून दोनदाच. शेवटचा तांब्या शक्य असेल तर पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात हे सांगणं मला जरा जड जातं, पण अर्धा तांब्याही चालतो.

दुसरी गोष्ट स्कार्फ. ऊन-धुळीसाठी तो हवाच, तो काढा असं म्हणणार नाही. पण घट्ट गुंडाळलेल्या, घामेजलेल्या कापडाचं नाकावर आणि हनुवटीवर रोज घासणं हेही ठिपके-पुटकुळ्यांचं कारण असतं. तुमचे ठिपके नेमके तिथेच आहेत. सुती घ्या, दोन-तीन ठेवा, रोज धुतलेला वापरा. ऑफिसात पोचल्यावर नुसत्या पाण्याने तोंड धुऊन टिपून घ्या, पुसू नका.

आता खरा उपाय. तो मेडिकलमध्ये मिळतो आणि त्याचं नाव सॅलिसिलिक अॅसिड. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत उतरून बूच सैल करतं. लेप, माती, पीठ यांपैकी कुणालाच ते जमत नाही. 2 टक्क्यांपर्यंतचं सीरम किंवा लोशन रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, फक्त नाक आणि हनुवटीवर पातळ लावा. सोसलं तर एक दिवसाआड. सोबत हलकं, तेलविरहित मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेलाही ते लागतं, आणि तुमच्या सोललेल्या नाकाला तर आजपासूनच. सकाळी किमान एसपीएफ 30 चं जेलसारखं सनस्क्रीन. लावलं आणि चार दिवसांत नाक लख्ख झालं असं होणार नाही. सहा ते आठ आठवडे द्या. लग्न दोन महिन्यांवर आहे, म्हणजे वेळ अगदी बेताचा आहे.

पण लगेच सुरू करू नका. आधी दोन आठवडे काहीही नको: लेप नको, सोडा नको, सीरम नको. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. आग आणि सालं थांबली की मग सुरुवात. सोललेल्या त्वचेवर अॅसिड लावलं तर दोष अॅसिडला द्याल.

बाळाचा विचार आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंत, पण माझ्या उत्तरात ती ओळ मोठी आहे. बुजलेल्या छिद्रांवर डॉक्टर अनेकदा अॅडापलीनसारखी रेटिनॉइड मलमं देतात, आणि ती चांगलं काम करतात. गरोदरपणात मात्र ती टाळतात, आणि बाळाचा प्रयत्न चालू असतानाही. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर त्या काळात पूर्ण वर्ज्य, त्यांनी गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तिच्याकडची ट्यूब किंवा गोळी घेऊ नका. नाक-हनुवटीपुरतं कमी टक्क्याचं सॅलिसिलिक सहसा चालतं, अॅझेलेइक अॅसिडचाही पर्याय असतो, पण दिवस राहिले की जे काही लावता ते एकदा डॉक्टरांना दाखवा.

आणि ती ट्यूब. कचऱ्यात टाकली नसेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही आहे का? ही स्टेरॉइडं आहेत. योग्य आजारावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार गुणकारी. चेहरा उजळायला लावली की पहिले काही दिवस जादू वाटते, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, गालांवर लव वाढते, आणि सोडली की चेहरा पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून ती सर्रास मिळतात. तुम्ही आठच दिवस लावली, बहुधा काही बिघडलेलं नाही. पण हे वाचणारी कुणी महिनोन्महिने लावत असेल, तर तिने एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरला दाखवून सोडावी. नवऱ्यावर रागावू नका. मेडिकलवाल्याने दिलं ते त्यांनी आणलं.

राहिल्या आत्याबाई. त्यांना नाही म्हणणं जमणार नाही, असं तुम्ही लिहिता. पण आग होते हे त्यांना कधी सांगितलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. दर रविवारी सुनेच्या चेहऱ्याला वेळ काढून लेप लावणारी बाई सुनेचं भलं बघणारी आहे. तिला नकार ऐकायला जड जाईल हे तुम्ही तिच्या वतीने ठरवून टाकलंत. "आत्याबाई, सोड्यानं लई आग होते हो, नाकाची सालं निघायलीत, बघा बरं" एवढंच म्हणून नाक पुढे करा. डॉक्टर, पीएच, मी, कुणाचंही नाव घेऊ नका. बहुधा त्याच म्हणतील, "अगं माय, आधी का नाही बोललीस?"

रविवार मात्र मोडू नका. त्यांना हात-पाय-पाठ द्या. साय, डाळीचं पीठ, घरची हळद, लिंबू-सोडा वगळून. तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा सोशिक असते, आणि त्यांची हौसही राहते. तसंही लग्नघरात त्यांच्या हाताला नवरीचा चेहरा मिळणार आहे. नणंदबाईंच्या लेपात सोडा पडणार नाही एवढं तेवढं बघा.

काही बायका म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, सरळ पार्लरमध्ये जाऊन ठिपके काढून घ्यावेत. हलक्या हाताची, स्वच्छ अवजारं वापरणारी बाई असेल तर हनुवटीवरचे दोन-चार काढून घेता येतील. पण नाकावरच्या त्या वाती उपसून घेण्यात पैसे घालवू नका. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच किंवा नवीन क्रीम नको. करायचं तर किमान दोन आठवडे आधी, म्हणजे लाली उठली तरी बसायला वेळ मिळतो. घरी नखाने पिळू नका, सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर पिळल्याचे डाग ठिपक्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

बहिणीचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येत असतील, तर कारण हार्मोनचं असू शकतं आणि लेप-सीरमात वेळ घालवण्यात अर्थ नाही. बाळाचा विचार असताना तर ती तपासणी तशीही उपयोगाची. यातलं काही नसेल तर आठ आठवडे वर सांगितलेलं करून बघा, आणि फरक नाही पडला तर जा. तुमच्याकडून नांदेड जवळ आहे. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, सकाळच्या ओपीडीत केस पेपर काढून दाखवता येतं. जाताना ती ट्यूब बरोबर न्या, चेहऱ्याला काही न लावता जा, आणि बाळाचा विचार चालू आहे हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणहून सांगा.